त्या दिवशी कुठे होता? : ६ डिसेंबर आणि आपली स्वकथने

राष्ट्रावर आघात झाला त्या दिवशी आपण कुठे होतो, हे सांगण्याची रीत मराठी आत्मचरित्रांत जुनी आहे. ३० जानेवारी १९४८ ची संध्याकाळ अशी शेकडो पानांवर आलेली आहे. कुणी वसतिगृहाच्या खोलीत होते, कुणी नाटकाच्या तालमीत, कुणी रेडिओभोवती जमलेल्या मंडळींत. लेखक आपली जागा सांगतो, बातमी सांगतो, आणि क्षणभर गप्प होतो. वाचकालाही आपली जागा आठवते आणि दोघांचे नाते जुळते. वरवर पाहता या रीतीत वावगे काही नाही. परंतु तिच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. बातमी सर्वांपर्यंत एकाच वेळी पोचते, सर्वांना ती एकाच अर्थाने कळते, आणि सर्वांना शोक करण्याची सारखीच मोकळीक असते, असे ते गृहीत आहे. प्रस्थापित समीक्षेने ते कधी तपासलेले नाही. दलित स्वकथने मात्र या प्रश्नाचे उत्तर देऊ लागतात तेव्हा प्रश्नच उलटा फिरतो. या लेखात मला त्याविषयी बोलायचे आहे. आणि आपल्याच लेखनाने हे उत्तर कुठे अर्धवट सोडले आहे त्याविषयीही, कारण स्वतःकडे डोळसपणे पाहिल्याशिवाय दुसऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

आधी ‘राष्ट्र’ या शब्दाचे पाहू. मी पालमचा. पालम आज परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे; पूर्वी ते गंगाखेड तालुक्यात होते. ३० जानेवारी १९४८ रोजी हे गाव भारतीय संघराज्यात नव्हतेच, ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना मी गांधीहत्येचा दिवस विचारला तेव्हा त्यांनी रझाकारांचा काळ सांगितला, आणि त्या सप्टेंबरातल्या पोलिस ॲक्शनचे दिवस सांगितले. त्यांना गांधी ठाऊक नव्हते असे नाही. पण राष्ट्राची तारीख त्यांच्या अंगणात पोचलेली नव्हती. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ (१९६४) ही गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली त्या दिवसांची कादंबरी. पुण्याहून गावाकडे निघालेल्या तरुणांच्या वाटेने ती ते दिवस पाहते. ती चांगली कादंबरी आहे आणि तिचे दुःख खरे आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. घर जळते तेव्हा आतल्या माणसाची जात पाहून दुःख कमीजास्त होत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. त्या जळालेल्या घरांना मराठी कादंबरीत जागा मिळाली, ती मिळायलाच हवी होती. १९७८ साली आमच्या मराठवाड्यात जी घरे जळाली त्यांना कोणती मिळाली? त्याकडे मी पुढे येणार आहे.

आमची तारीख ६ डिसेंबर १९५६. दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे रात्री झोपेतच बाबासाहेबांचे निधन झाले. त्या दिवशी लोकसभेत पंतप्रधान नेहरूंनी श्रद्धांजली वाहिली आणि सभागृहाचे कामकाज स्थगित झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणून राजगृहावर ठेवले गेले. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले आणि तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून केले, म्हणून आज ती आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. राष्ट्राची आठवण आमच्या एका माणसाने स्वतःच्या खिशातून जपली, हेही इथे नोंदवून ठेवले पाहिजे.

‘बलुतं’मध्ये (१९७८) दया पवारांनी हा दिवस सांगितला आहे. ते मुंबईत सरकारी नोकरीत होते. रजेच्या अर्जात त्यांनी रजेचे खरे कारण लिहिले आणि साहेबाने नेमकी त्यालाच हरकत घेतली. सरकारी नोकराने राजकीय पुढाऱ्याच्या निधनाचे कारण देऊ नये, काही घरगुती कारण लिहावे, असे त्याचे म्हणणे. हे मरण आमच्या घरातलेच आहे, हे पवारांचे उत्तर. अर्जाचे काय होते ते पाहायला न थांबता ते राजगृहाकडे निघाले.

या प्रसंगाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे, पण ती बहुधा उत्तराच्या धारदारपणाची झाली. मला त्यातला अर्ज अधिक महत्त्वाचा वाटतो. दिल्लीत देशाचे सर्वोच्च सभागृह ज्या कारणासाठी बंद होते, तेच कारण मुंबईतला एक अधिकारी अर्जावर चालवून घेत नाही. म्हणजे राष्ट्रीय शोक वरच्या मजल्यावर जाहीर होतो आणि खालच्या मजल्यावर अडवला जातो. या पायऱ्यांवर कारकून उभा आहे. त्याला ‘सार्वजनिक’ आणि ‘घरगुती’ या दोन रकान्यांपैकी एक निवडायला सांगितले जाते, आणि तो म्हणतो, तुमचे रकाने चुकीचे आहेत. दलित स्वकथनाचे सगळे सामर्थ्य मला या एका अर्जात दिसते. इथे लेखक कुठे होता? टेबलाच्या अलीकडच्या बाजूला. त्याला दुःख झाले हे कुणीही लिहील. त्या दुःखासाठी त्याला परवानगी मागावी लागली, हे लिहिण्यासाठी मात्र ‘बलुतं’ यावे लागले.

पवार मुंबईत होते. बातमी, कचेरी आणि राजगृह, तिन्ही त्यांच्या पायी चालण्याच्या अंतरात होती. खेड्यातल्या माणसाचे काय?

पालमला तेव्हा आगगाडी गाठायची तर गंगाखेडला जावे लागे. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात येऊन बरोबर पाच आठवडे झाले होते. रेडिओ असलाच तर ज्यांच्या ओसरीवर आमच्या माणसांना चढता येत नव्हते त्यांच्या घरी. गेल्या चाळीस वर्षांत मी आमच्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या जुन्या माणसांना हा एकच प्रश्न विचारत आलो; त्यांतले बहुतेक आता नाहीत. एकालाही ६ डिसेंबर आठवत नव्हता. त्यांना बातमी कळली तो दिवस आठवत होता, आणि तो प्रत्येकाचा वेगळा होता. कुणाला दुसऱ्या दिवशी मोटारीतून उतरलेल्या माणसाने सांगितले. कुणाला चावडीवर निरोप घेऊन गेल्यावर कळले, तेही कुणी त्यांना उद्देशून सांगितले म्हणून नव्हे, तर इतर बोलत होते ते कानावर पडले म्हणून. एक म्हातारी म्हणाली, “लेकरा, म्या कापूस येचूलालते. बाजाराच्या दिशी माय आली अन् मनाली, आपला बाप गेला. म्या मनाले, कोण्ता बाप? माजा बाप तर सांच्याला घरी व्हता.”

या ‘कोण्ता बाप?’मध्ये जे आहे ते आपल्या छापील स्वकथनांत फार क्वचित सापडते. बाई वेंधळी नव्हती. तिने बाबासाहेबांना कधी पाहिले नव्हते. त्यांचे नाव तिच्यापर्यंत गाण्यांतून, जलशांतून आणि नवऱ्याच्या बोलण्यातून आले होते. ते आपले बाप आहेत हे तिला ते गेल्यावर, पऱ्हाटीच्या ओळीत उभ्याने, एका प्रश्नोत्तरातून उमगले. नाते कळणे आणि नाते तुटणे एकाच क्षणी. एवढा मोठा अनुभव तिने दोन वाक्यांत सांगितला, कारण तो सांगताना आपण काही मोठे सांगतो आहोत असे तिला वाटत नव्हते.

याउलट, गेल्या काही वर्षांत आलेल्या कितीतरी स्वकथनांत, स्मरणिकांत आणि सहा डिसेंबरच्या विशेषांकांत हा दिवस साच्यातून काढल्यासारखा येतो. आभाळ भरून येते. कुत्रीसुद्धा रडतात. आणि एक वाक्य तर हटकून असते: त्या दिवशी वाड्यात चूल पेटली नाही. ज्या वाड्यात एरवीही आठवड्यातून दोन वेळा चूल पेटत नव्हती, तिथे न पेटलेल्या चुलीने शोक कसा ओळखायचा? प्र. ई. सोनकांबळेंचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) वाचलेल्या माणसाला हा प्रश्न सुचायलाच हवा. ते पुस्तक तारखांनी चालत नाही, भुकेने चालते. त्यात उपाशी राहण्याला कारण लागत नाही. न पेटलेली चूल हे सुखवस्तू घरातल्या सुतकाचे चिन्ह आहे. ते आपण उसने आणले आणि आपल्या सर्वांत मोठ्या दुःखावर चिकटवले. लेखकाची भावना खोटी आहे असे मी म्हणत नाही. खऱ्या भावनेला त्याने स्वतःचे चिन्ह शोधले नाही, एवढेच म्हणतो. आणि साहित्यात एवढे पुरेसे असते.

सुतकाचा विषय निघालाच आहे तर जे कुणी लिहीत नाही ते लिहितो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबर त्यानंतर त्रेपन्नावा दिवस. बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारलेले आहे. दादरला भिक्खू होते, बौद्ध पद्धतीचा संस्कार होता, हजारोंचा समुदाय होता. पालमसारख्या गावात काय होते? जुना विधी सोडायचा हे कळले होते, नवा अजून पोचला नव्हता. बऱ्याच वाड्यांनी तर दीक्षाही पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत घेतली. अशा मधल्या काळात बाप गेला. माणसांनी काय करावे?

मला जे सांगितले गेले ते असे. काहींनी डोक्याचे केस काढले, जसे बाप गेल्यावर काढतात. काहींनी गंगेत बुडी मारली. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. एका वाड्यात दहाव्या दिवशी काही करावे की नाही यावरून भावाभावांत भांडण झाले. थोरल्याचे म्हणणे, बापाचे करायलाच पाहिजे. धाकटा चार इयत्ता शिकलेला. त्याचे म्हणणे, ज्या बापाने हे करू नका म्हणून सांगितले त्याच्याच नावाने ते करायचे? भांडण मिटले नाही. थोरला नदीवर गेला, धाकटा गेला नाही, आणि दोघेही दिवसभर जेवले नाहीत. हे मला सांगणारा धाकट्याचा मुलगा होता. सांगून झाल्यावर तो म्हणाला, “हे लिहू नका गुरुजी. लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील, या भीतीने आपल्या स्वकथनांतला हा सगळा भाग गाळलेला आहे. आज्याने केस काढले हे लिहिले तर तो पुरता बौद्ध नव्हता असे कुणी म्हणेल, म्हणून नातू आज्याच्या हातात मेणबत्ती देतो आणि तोंडी त्रिशरण घालतो. डिसेंबर १९५६ मध्ये त्या वाड्यात कुणालाही त्रिशरण पाठ नव्हते. ही दुरुस्ती आदरापोटी होते हे मला कळते. परंतु तिने आज्याची परीक्षाच पुसून टाकली जाते. हजारो वर्षांची सवय आणि त्रेपन्न दिवसांचा निर्धार एका माणसाच्या देहात समोरासमोर उभे राहिले, त्याला मार्ग दाखवणारा नेमका त्याच दिवशी गेला, आणि त्याला एकट्याने ठरवावे लागले. एवढे नाट्य मराठी साहित्यात दुसरीकडे कुठे आहे? ते आपल्या हाती आयते असताना आपण मेणबत्ती लिहितो. नदीवर गेलेला थोरला आणि न गेलेला धाकटा, दोघेही आपलेच आहेत; धर्मांतर म्हणजे काय हे त्या दोघांमधल्या अंतरातून जितके कळते तितके कोणत्याही भाषणातून कळत नाही.

स्त्रियांच्या सांगण्यात ही दुरुस्ती कमी आढळते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या पुस्तकासाठी चळवळीतल्या बायकांना प्रत्यक्ष भेटून बोलते केले. त्या पद्धतीपासून आपल्या संशोधक विद्यार्थ्यांनी अजून पुष्कळ शिकायचे आहे. माझा स्वतःचा अनुभव असा की पुरुषाला ‘कुठे होता?’ विचारले की तो सभा, पुढारी आणि गर्दी सांगतो. बाईला विचारले की ती हातात काय होते ते सांगते: कापूस, शेण, तान्हे मूल. समीक्षक म्हणून मी हातातल्या वस्तूवर अधिक विश्वास ठेवतो. गर्दी नंतर ऐकून आठवणीत भरता येते. हातातली वस्तू सहसा कुणी दुसरा भरत नाही.

आता १९७८. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि मराठवाडा पेटला. परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतल्या खेड्यांनी सर्वाधिक सोसले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. (त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले आणि परभणी जिल्हा त्याला जोडला गेला. त्यामुळे ज्या नावासाठी आमच्या जिल्ह्यातली घरे जळाली ते नाव आज पालमच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाच्या पदवीपत्रावर नसते. यावर एखादी कथा कुणी का लिहिली नाही, याचे मला नवल वाटते.)

‘त्या दिवशी कुठे होता?’ या प्रश्नाचा स्वर इथे बदलतो. १९५६ चे उत्तर हुंदक्यात देता येते. १९७८ चे उत्तर देताना आमची माणसे आधी आजूबाजूला पाहत. कारण हाच प्रश्न पोलीस विचारत होते, आणि जाळणारेही विचारत होते. नामांतरावर कविता विपुल आहे, आणि तिच्यातला संताप अस्सल आहे. पण त्या कवितेत माणसे बहुधा रस्त्यावर, मोर्चात, मशाल हातात घेऊन असतात. प्रत्यक्षात खेड्यातली बहुसंख्य माणसे त्या रात्री लपलेली होती. कुठे? इथे मला एका बाईचे बोलणे आठवते. ती म्हणाली, “आखाडातलं पीक गुडघ्याएवडं. दिवाळीच्या अदुगर जाळाया आले असते तर ज्वारीत लपलो असतो, माणूस दिसला नसता.” जुलैअखेरची ज्वारी लपवत नाही. कापूस तर त्याहून नाही. मग ओढ्याच्या खांडीत, पडक्या विहिरीच्या कडेला, आणि काहींच्या बाबतीत एखाद्या मराठा किंवा मुसलमान घराच्या मागच्या खोलीत. हेही लिहिले गेले पाहिजे, त्याने कुणाचे श्रेय कमी होत नाही. आमच्या एका कवीने त्या रात्रीवर लिहिताना माणसांना डोक्याइतक्या उंच पिकात दडवले आहे. कवीला स्वातंत्र्य असते हे खरे, परंतु या कवितेत पिकाची उंची हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. तिथे एक वीत चुकली तर सगळी रात्र चुकते. ‘वावटळ’ला जे साधले ते याच कारणाने: वाट ठाऊक होती, अंतर ठाऊक होते. १९७८ ला अशी वाट दाखवणारे दमदार गद्य आपण अजून पुरेसे लिहिलेले नाही. याचा दोष प्रस्थापितांवर टाकता येणार नाही. ते लिहायचे ते आपणच.

कुणी म्हणेल, सर्वांना एकाच क्षणी गाठणारी आपत्ती नसतेच का? असते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला काही मिनिटे कमी. किल्लारीच्या भूकंपाने आमच्या बाजूचीही माणसे दचकून उठली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, लोक उशिरा झोपलेले. मराठवाड्यात त्या वेळी जन्मलेल्या कुणालाही ‘कुठे होता?’ विचारा, उत्तर एकच, अंथरुणात. दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे माणसांवर कोसळली. कुडाच्या आणि पत्र्याच्या खोपटांनी आतल्यांना बहुधा सोडले. पण पुनर्वसनाची घरे वाटताना सरकारने जमीन मोजली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यावरच्यांना ७५०. धरणी सर्वांखाली सारखीच हलली होती. पण नव्या गावात कोण कुठे राहणार हे जुन्या सातबाऱ्याने ठरवले. भूकंपावरच्या मराठी लेखनात धरणीकंप पुष्कळ आहे, हे चौरस फूट फारसे नाहीत.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत पुन्हा हा प्रश्न उभा राहिला. १० तारखेला रेल्वे स्टेशनसमोरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. ११ ला बंद, दगडफेक, जाळपोळ आणि धरपकड. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर माझ्याकडे दोन-तीन मुलांनी आपले लेखन वाचायला आणून दिले. त्यातल्या एका मुलाचे लेखन मला विशेष वाटले. तो त्या दिवशी परभणीत नव्हता, पालमला होता. बातमी त्याला घटनेनंतर काही मिनिटांत मोबाईलवर कळली. आज्यासारखी बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी लागली नाही. पुढे त्याने लिहिले आहे की, मी परभणीत नव्हतो याचा पुरावाही माझ्या मोबाईलमध्येच आहे, म्हणून मी तो पुसत नाही. ११ तारखेला दुपारी काढलेला एक फोटो त्याने जपून ठेवला आहे. त्यात तो, त्याची आई आणि अर्धे वेचलेले कापसाचे रान आहे. फोटो त्याने आठवण म्हणून काढला नव्हता. आईला नवी साडी नेसलेली पाहून काढला होता. आता तो वकिलाला दाखवायला लागला तर असावा म्हणून ठेवला आहे.

मी त्याला एकच दुरुस्ती सांगितली. शेवटी त्याने संविधानावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्या काढायला सांगितल्या. फोटोत आईच्या हातात काय आहे ते त्याने लिहिले नव्हते, ते लिहायला सांगितले.